माशांची नावे कोणी सांगितली? कर्नल साइक्स आणि भीमेच्या खोऱ्यातील मासे

काही वर्षांपूर्वी पावसाळा ओसरल्यावर आठवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी चामटोलीच्या परिसरातील एका ओढ्यावर गेलो होतो. विषय होता नदीकाठच्या वस्त्यांचा इतिहास. माझे बोलणे चालू असताना एक कातकरी मुलगा पाण्यात उतरला आणि दगडाखाली हात घालून मासे बाहेर काढून दाखवू लागला. मरळ, वाम, शिंगटी, खवली अशी नावे तो सांगत होता. कोणता मासा दगडाला चिकटून राहतो, कोणता चिखलात दडतो, पहिल्या पावसात वलगणीला कोण आधी चढतो, कोणाचा काटा लागला तर हात सुजतो, हे सारे तो सहज सांगत गेला. मी वहीत लिहून घेत होतो. याच मुलाला त्याच आठवड्यात मी इतिहासाच्या चाचणीत वीसपैकी सहा गुण दिले होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. जे ज्ञान पुस्तकात येते ते मुळात कोणाचे असते? आपल्या महाराष्ट्रातील नद्यांच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी कशी तयार झाली, हे वाचू लागलो तेव्हा या प्रश्नाचे एक उत्तर हाती आले. ते उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या जीवनात दडलेले आहे. त्यांचे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स. भीमेच्या खोऱ्यातील मासे आणि प्राचीन भारतातील बौद्ध धम्म, असे दोन दूरचे वाटणारे विषय या एकाच माणसाने अभ्यासले. म्हणूनच आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर त्यांचे चरित्र मांडावेसे वाटले.

डॉक्टर मासे का अभ्यासत?

कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातील माशांचा अभ्यास प्रामुख्याने डॉक्टरांनी केला. आज हे नवल वाटेल, पण त्या काळी वैद्यकाचे शिक्षण आणि निसर्गाचे शिक्षण एकत्रच दिले जात असे. औषधे वनस्पतींपासून मिळत, म्हणून डॉक्टरला वनस्पतिशास्त्र यावे लागे. शरीररचना शिकताना प्राण्यांचे विच्छेदन करावे लागे. शिवाय पलटणीबरोबर डॉक्टरची बदली दूरदूरच्या ठाण्यांवर होत असे आणि तेथे त्याच्या हाती वेळही असे.

विशाखापट्टणम येथे राहिलेले स्कॉटिश वैद्य पॅट्रिक रसेल यांनी १८०३ मध्ये तेथील दोनशे माशांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे फ्रान्सिस डे या मद्रासच्या लष्करी डॉक्टरने १८७५ ते १८७८ या काळात हिंदुस्थानातील माशांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. या दोघांच्या मधल्या काळातले सर्वांत मोठे नाव म्हणजे डॉ. फ्रान्सिस बुकानन. पुढे मातुल घराण्याची मालमत्ता मिळाल्यावर त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव लावले.

बुकानन १७६२ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मले आणि १७८३ मध्ये एडिंबरा येथे वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. १७९४ मध्ये ते कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत आले. दुसऱ्याच वर्षी कंपनीच्या वकिलातीबरोबर ते ब्रह्मदेशात गेले. तेथे पाहिलेल्या आणि वाचलेल्या गोष्टींवरून १७९९ मध्ये त्यांनी ब्रह्मी लोकांच्या धर्मावर आणि वाङ्मयावर निबंध प्रसिद्ध केला. बौद्ध धम्माविषयी इंग्रजीत झालेल्या आरंभीच्या लेखनात या निबंधाची गणना होते. १८०७ ते १८१४ या काळात त्यांनी बंगाल आणि बिहारच्या जिल्ह्यांची पाहणी केली. १८११ मध्ये ते बोधगयेला पोहोचले. त्या वेळी महाविहाराचे अवशेष पडझडीच्या अवस्थेत होते. ही जागा बुद्धाची आहे, हे त्यांनी नोंदवून ठेवले. ब्रह्मदेशातून आलेल्या यात्रेकरूंची आठवण तेथील लोकांनी त्यांना सांगितली. बडगाव येथील ज्या विस्तीर्ण भग्नावशेषांची त्यांनी नोंद केली ते नालंदा विद्यापीठाचे होते, हे पुढील पिढीच्या संशोधकांनी सिद्ध केले.

याच प्रवासात डॉ. बुकानन नदीकाठी, बाजारात, कोळ्यांच्या नावेवर मासे पाहत होते. गंगेच्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला आणि त्यात अडीचशेहून अधिक जातींचे वर्णन आले. रोहू, कटला, इलिश ही बंगाली मासळी बाजारातील नावे त्यांनी शास्त्रीय नावात जशीच्या तशी ठेवली. जगभरच्या प्रयोगशाळांत आज ज्या छोट्या पट्टेदार माशावर आनुवंशशास्त्राचे प्रयोग चालतात, त्या झेब्रा माशाचे पहिले वर्णनही याच ग्रंथात आहे. मात्र १८१५ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी जमवलेली माशांची चित्रे कोलकात्यातच ठेवून घेण्यात आली. सरकारी नोकराने जमवलेले ज्ञान हे सरकारचेच, असा तो न्याय होता.

गंगेसाठी जे काम या डॉक्टरने केले, तेच काम आपल्या दख्खनच्या नद्यांसाठी साइक्स यांनी केले. मात्र साइक्स डॉक्टर नव्हते. ते सैनिक होते.

सैनिक ते सांख्यिकी अधिकारी

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. अवघ्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी युद्ध पाहिले. लवकरच ते हिंदुस्थानी आणि मराठी या भाषांत दुभाष्याचे काम करण्याइतके तयार झाले. मराठी येत होती, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी आहे. ज्याला आपल्या समोरच्या माणसाची भाषा येते, त्यालाच त्या माणसाचे ज्ञान ऐकता येते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेशी खडकी येथे लढाई झाली. त्यानंतर पुण्याची लढाई झाली. या दोन्ही लढायांत साइक्स देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करत होते. मुंबई फौजेत त्या काळी महार शिपायांचा भरणा मोठा होता, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेच्या काठी कोरेगावची लढाई झाली. कॅप्टन स्टाँटन यांची तुकडी आदल्या रात्री शिरूरहून कूच करून निघाली होती. कोरेगावच्या विजयस्तंभापुढे १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब उभे राहिले आणि ते स्थळ आपल्या स्वाभिमानाचे तीर्थ झाले. शिरूर, भीमा आणि घोड नदी ही नावे या लेखात पुन्हा येणार आहेत.

पेशवाईचा अंत झाल्यावर साइक्स काही वर्षे युरोपात प्रवास करून आले. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची मोजदाद करणे हे त्यांचे काम होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी जिल्ह्यांत ते गावोगाव हिंडले. जमिनीचा धारा, पिके, बाजारभाव, बलुतेदार, लोकसंख्या, पाऊस, हवेचा दाब असे सारे काही त्यांनी टिपले. या कामामागचा हेतू लपलेला नाही. राज्य करणाऱ्याला महसूल हवा होता आणि महसुलासाठी माहिती हवी होती. परंतु साइक्स यांची जिज्ञासा सरकारच्या गरजेपेक्षा मोठी होती. १८२९ च्या अखेरीस काटकसरीसाठी हे पद रद्द झाले. तेव्हा त्यांनी पगाराशिवाय काम चालू ठेवले आणि जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे करूनच मायदेश गाठला.

या भटकंतीत त्यांनी पशुपक्ष्यांच्याही नोंदी केल्या. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. रानकुत्र्याचे वर्णन करताना मराठी लोक त्याला कोळसुन म्हणतात, हेही ते लिहायला विसरले नाहीत. पण आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम माशांचे आहे.

भीमेच्या खोऱ्यातील छेचाळीस मासे

नोव्हेंबर १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध मांडला. सविस्तर निबंध चित्रांसह १८४१ मध्ये छापून आला. त्यात छेचाळीस माशांचे वर्णन होते आणि त्यांतील बेचाळीस विज्ञानाला नवीन आहेत, असा त्यांचा दावा होता. हे मासे भीमा आणि तिला मिळणाऱ्या मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड अशा नद्यांतले होते.

या निबंधातील नावे वाचताना मराठी माणसाला आपल्या घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या माशाचे नाव त्यांनी खुद्री ठेवले. हाच आपला दख्खनी महसीर. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेला एक मासा मुसुल्ला झाला. भीमेत पेडगाव येथे मिळालेला टाकरी झाला. चाकणजवळ इंद्रायणीत एक विचित्र मासा मिळाला. त्याच्या तोंडावर नाकासारखा उंचवटा आणि त्याखाली खोल खाच होती. त्याचे नाव नुक्ता पडले. हे नाव ऐकताच आपल्याला नकटा हा शब्द आठवतो. कोळस, बोगट, फुलंगी, शिंगटी, बलुकी, गुंगवारी, घोगरा ही नावेही त्यांनी अशीच घेतली. रोहटी या मराठी शब्दावरून तर त्यांनी माशांची एक संपूर्ण प्रजातीच उभी केली.

शास्त्रीय नामकरणाची पद्धत येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे कुळाच्या नावासारखा. दुसरा शब्द त्या विशिष्ट जातीचा. अभ्यास पुढे गेला की पहिला शब्द बदलू शकतो, कारण एखादी जात वेगळ्या प्रजातीत घालावी लागते. दुसरा शब्द मात्र, ती जात खरोखर वेगळी आहे असे ठरले तर, सहसा कायम राहतो. साइक्स यांच्या यादीतील काही जाती पुढील अभ्यासकांनी रद्द केल्या, कारण त्या आधीच कोणीतरी वर्णिलेल्या होत्या. परंतु खुद्री, कोळस, मुसुल्ला, बोगट, नुक्ता, फुलंगी, टाकरी, बलुकी, शिंगटी, घोगरा अशी अनेक नावे आजही जगाच्या पुस्तकात तशीच आहेत. टोकियोच्या किंवा लंडनच्या संशोधकाला या माशांविषयी लिहायचे असेल तर भीमाकाठचा शब्दच लिहावा लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साइक्स यांनी वर्णिलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात उपलब्ध नाहीत. उरले आहे ते त्यांचे वर्णन, त्यांची चित्रे, नदीचे ठिकाण आणि लोकांच्या तोंडचे नाव. त्यामुळे पुढच्या काळात एखादी जात नक्की कोणती, हे ठरवताना अभ्यासकांना त्या नदीवर जाऊन तेथील लोकांना पुन्हा विचारावे लागले. लोकांनी दिलेला शब्द हाच अशा वेळी दुवा ठरतो.

नाव कोणाचे राहिले?

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. ही नावे साइक्स यांना कोणी सांगितली? घोड्यावर बसून आलेल्या साहेबाला नदीच्या तळाशी काय फिरते हे ठाऊक असणे शक्य नव्हते. पाण्यात उतरणारे, जाळे विणणारे, रात्री गळ टाकून बसणारे लोक वेगळे होते. दख्खनच्या नद्यांवर हे काम भोई आणि कोळी करत आले आहेत. कोणता मासा कोणत्या डोहात असतो, तो कधी अंडी घालतो, दोन सारख्या दिसणाऱ्या माशांत फरक काय, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठरवलेले होते. दोन माशांना दोन वेगळी नावे देणे हेच वर्गीकरण आहे. तेच शास्त्राचे पहिले पाऊल आहे.

साइक्स यांच्या यादीत माणसांची नावेही आहेत. रोहटीच्या एका जातीला त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचे चिटणीस व्हिगर्स यांचे नाव दिले. दुसऱ्या जातीला ऑगिल्बी यांचे, एका प्रचंड मार्जारमिनाला यारेल यांचे आणि आणखी एका माशाला चिल्ड्रन यांचे नाव दिले. हे सारे इंग्लंडमधील विद्वान होते. भीमेच्या पाण्यात त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. ज्या भोयाने वा कोळ्याने जाळ्यातून मासा काढून साहेबापुढे ठेवला आणि त्याचे नाव उच्चारले, त्या माणसाचे नाव मात्र एकाही माशाला मिळाले नाही. त्याचा शब्द घेतला गेला आणि तो स्वतः बाहेर राहिला.

याच खोऱ्यात, याच काळात, दुसरी एक नामावली दगडावर कोरली गेली. कोरेगावच्या स्तंभावर लढाईत पडलेल्या शिपायांची नावे आहेत आणि त्यांतील बावीस नावांच्या अखेरीस नाक हा प्रत्यय आहे. ती महार शिपायांची नावे आहेत. ती नावे कोरली गेली म्हणून शंभर वर्षांनी बाबासाहेब ती वाचू शकले आणि आपल्या समाजाला त्याचा इतिहास दाखवू शकले. नाव लिहून ठेवणे ही क्षुल्लक बाब नाही, हे यावरून समजते. ज्याचे नाव लिहिले जाते त्याच्या वंशजांना पुढे पुरावा मिळतो. ज्याचे लिहिले जात नाही, त्याच्या वंशजांना आपल्या पूर्वजांचे ज्ञान दुसऱ्याच्या पुस्तकात वाचावे लागते.

साइक्स यांना केवळ दोष देणे मात्र न्याय्य होणार नाही. लोकभाषेतील नावे रानटी ठरवून ती बाजूला सारणारे आणि लॅटिन नावे बसवणारे अनेक जण होते. डॉ. बुकानन आणि कर्नल साइक्स यांनी लोकांचे शब्द टिकवले. स्वातंत्र्यानंतर मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णा खोऱ्यातील एका माशाचे वर्णन १९५२ मध्ये केले आणि त्याला खवलचोर हे मराठी नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. दुसऱ्या माशांची खवले कुरतडून खाणारा म्हणून खवलचोर. ही परंपरा साइक्स यांच्यापासून चालत आली आहे.

माशांकडून फाहियानकडे

ज्या १८४१ साली माशांचा सचित्र निबंध छापून आला, त्याच वर्षी साइक्स यांचा दुसरा, कितीतरी मोठा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुसलमानी आक्रमणापूर्वी हिंदुस्थानची धार्मिक, नैतिक आणि राजकीय स्थिती कशी होती, हा त्याचा विषय होता. त्याचा मुख्य आधार होता चिनी भिक्खू फाहियान यांचे प्रवासवर्णन. फाहियान इ. स. ३९९ मध्ये चीनमधून निघाले आणि विनयपिटकाच्या शोधात बुद्धभूमीत हिंडले. त्यांच्या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी उलगडली. हे दोन्ही शोध साइक्स यांच्या हाती अगदी ताजे असताना पडले.

साइक्स यांना वेरूळच्या लेण्यांचा परिचय पूर्वीच होता. त्या लेण्यांवरचा त्यांचा लेख मुंबईच्या विद्वत्सभेने १८२३ मध्ये छापला होता. आता त्यांनी थेट प्रश्न विचारला. ब्राह्मणी परंपरा आपण अतिप्राचीन असल्याचे सांगते, मग तिचे प्राचीन शिलालेख कोठे आहेत? जे सर्वांत जुने लेख सापडतात ते प्राकृतात आहेत आणि त्यांचा संबंध धम्माशी आहे. फाहियानांना जागोजागी संघाराम दिसतात, राजे आणि व्यापारी दान देताना दिसतात. मग एके काळी या देशाचे जीवन बौद्ध विचाराने व्यापलेले होते, असे का म्हणू नये?

आज आपल्याला हे सर्वपरिचित वाटते. १८४१ मध्ये ते धाडसाचे होते. मासे मोजणाऱ्या माणसाची सवय येथे उपयोगी पडलेली दिसते. जे डोळ्यांना दिसते ते मोजावे, जे केवळ सांगितले जाते त्याला पुरावा मागावा, ही ती सवय.

फाहियानांच्या वर्णनात एक नोंद अशी आहे की जी वाचताना आपण थांबतो. मध्यदेशातील चांडाळ वस्तीबाहेर राहतात आणि नगरात येताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोक त्यांना टाळू शकतील, असे ते लिहितात. त्याच ठिकाणी ते असेही नोंदवतात की मासेमारी, शिकार आणि मांसविक्री हे काम फक्त हेच लोक करतात. म्हणजे मासे ओळखणारा माणूस आणि वाळीत टाकलेला माणूस त्या नोंदीत एकच आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात फाहियान आणि युआन च्वांग या दोघांच्या नोंदींची चिकित्सा केली आणि अस्पृश्यतेचा उगम साधारणपणे इ. स. ४०० च्या सुमारास झाला, असा निष्कर्ष मांडला. भीमाकाठचे भोई-कोळी आणि फाहियानांचे चांडाळ एकच होते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. परंतु हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान घ्यावे आणि त्याला मात्र दूर ठेवावे, ही रीत या देशात फार जुनी आहे, एवढे नक्की.

याउलट अशोकाचा पाचवा स्तंभलेख पाहावा. मारू नयेत अशा प्राण्यांची यादी त्यात दिली आहे. तीत काही माशांचीही नावे आहेत आणि ती लोकभाषेतील आहेत. उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. राजाज्ञेत सामान्यांच्या भाषेतले माशाचे नाव कोरले जाते, ही त्या काळाच्या दृष्टीची खूण आहे.

साइक्स यांचे मूल्यमापन

इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्याला सोयीचे वाटणारे विधानही तपासून घेतले पाहिजे. साइक्स यांचे सगळेच निष्कर्ष टिकलेले नाहीत. संस्कृतपेक्षा पाली अधिक जुनी आहे, असा त्यांचा कल होता. आजचे भाषाशास्त्र ते मान्य करत नाही. वेदांची भाषा पालीहून जुनी आहे. शिलालेख सापडत नाही म्हणून परंपराच नव्हती, असाही निष्कर्ष काढता येत नाही, कारण मौखिक परंपरा दगडावर उमटत नाही. त्या काळच्या संस्कृत पंडितांनी साइक्स यांच्या मतांना विरोध केला, त्यात काही तथ्य होते.

पण त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता आणि त्याचे फळही मिळाले. पुढील दशकांत सांची, सारनाथ, नालंदा, बोधगया येथे जे उत्खनन आणि संशोधन झाले, त्यातून धम्माचा विस्तृत इतिहास पुराव्यानिशी उभा राहिला. चुकीच्या उत्तरासह विचारलेला योग्य प्रश्न कधी कधी बरोबर उत्तरापर्यंत नेतो. मात्र ते चुकीचे उत्तर आपण आपल्या सोयीसाठी जपून ठेवता कामा नये. मान्य करण्यापूर्वी तपासा, ही कालामांना दिलेली शिकवण आपल्या बाजूच्या ग्रंथांनाही लागू आहे.

साइक्स यांचे पुढील आयुष्य मानसन्मानाचे गेले. ते १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत ते होते. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबरडीनचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत होते. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले. राज्यकर्त्यांच्या वर्गातील ते एक मोठे अधिकारी होते. या देशाच्या संपत्तीवर ज्या कंपनीने राज्य केले, तिच्या सर्वोच्च खुर्चीवर ते बसले होते. त्यांचे शास्त्रीय कार्य आणि ही वस्तुस्थिती, दोन्ही एकत्रच ध्यानात ठेवावी लागतात.

भीमा, उल्हास आणि आपण

साइक्स यांनी पाहिलेली मुळा-मुठा आज राहिलेली नाही. पुण्याच्या सांडपाण्याने ती काळवंडली आहे आणि त्यांनी नोंदलेल्या अनेक जाती शहरातील पात्रात आता मिळत नाहीत. इंद्रायणीतला नुक्ता आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. खुद्रीवर, म्हणजे महसीरवरही तशीच वेळ आली होती. लोणावळ्याजवळ वळवण तलावाच्या काठी टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार करून ती ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडली, म्हणून तो काहीसा सावरला. भीमेवर उजनीचे धरण झाले आणि त्यात कटला, रोहू हे गंगेतले मासे सोडण्यात आले. डॉ. बुकानन यांनी गंगाकाठी नाव नोंदवलेला मासा आज सोलापूरच्या बाजारात विकला जातो.

आपण चामटोलीला, उल्हास नदीच्या खोऱ्यात राहतो. भीमेशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. मावळात आंद्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते आणि इंद्रायणी भीमेला. या आंद्रेचे पाणी ठोकरवाडी धरणात अडवून घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात आणले जाते. वीज तयार झाल्यावर ते पाणी उल्हास नदीत सोडले जाते. कर्जतपासून कल्याणपर्यंतची गावे आणि शहरे उल्हासचे पाणी पितात. म्हणजे आपल्या पेल्यात थोडे तरी भीमेच्या खोऱ्याचे पाणी आहे. त्याच उल्हासच्या पात्रावर पुढे जलपर्णीचा हिरवा थर पसरलेला दिसतो आणि अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनीला तर रसायनांनी नाल्याचे रूप दिले आहे.

या खोऱ्यातील माशांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? आपल्या पालकांपैकी कित्येकांना. कातकरी, आगरी, कोळी, ठाकूर घरांतील वडीलधाऱ्यांना. ही माणसे गेली की ती नावेही जातील, आणि मासे संपले तर नावे उच्चारण्याचे कारणच उरणार नाही.

म्हणून यंदापासून इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी एक साधे काम ठरवले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा वस्तीतील एका वडीलधाऱ्या माणसाला नदीतील माशांविषयी विचारायचे. माशाचे नाव, तो कोठे मिळतो, पूर्वी किती मिळत असे, आता मिळतो का, हे लिहायचे. आणि त्या नोंदीखाली सांगणाऱ्याचे पूर्ण नाव त्याच्या संमतीने लिहायचे. आजी असेल तर आजीचे, काका असतील तर काकांचे. साइक्स यांच्या वहीत जो रकाना नव्हता, तो आपल्या वहीत पहिला असेल. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी या कामात हातभार लावावा, अशी माझी नम्र विनंती आहे. जमलेल्या वह्या विद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवल्या जातील.

ओढ्यात उतरलेला तो मुलगा दहावी उत्तीर्ण होऊन गेला. त्या दिवशी मी वहीत त्याने सांगितलेली अकरा नावे लिहिली होती. वही अजून माझ्याकडे आहे. मध्यंतरी ती उघडली तेव्हा लक्षात आले की अकरा माशांची नावे लिहिताना मीही त्या मुलाचे नाव लिहिले नव्हते. ते आता लिहिले आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.